‘शेवटी आजीचं काय झालं?’

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका २७ वर्षांच्या आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात आणि बी.एस्सी. झाल्यापासून घरीच आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेतात. गेल्या वर्षी त्यांनी कुमार वाचकांसाठी अवकाशातल्या साहसाची एक कादंबरी लिहिली आणि वडिलांनी कापसाच्या पैशातून केलेल्या मदतीवर स्वतःच छापून घेतली. तापीकाठच्या गावातली सोळा वर्षांची मुलगी घरात न सांगता मंगळाकडे निघालेल्या मालवाहू यानावर उमेदवारीला जाते. वाटेत कप्तान आजारी पडतात आणि तिच्याच वयाच्या तिघांना सोबत घेऊन ती यान मंगळापर्यंत नेते, अशी गोष्ट. मुलगी, तिची आजी आणि यानावरचा आचारी अहिराणी बोलतात.

पुस्तक वाचून लोकांनी मतं कळवली. गावातल्या निवृत्त विज्ञान शिक्षकांनी चुकांची दोन पानी यादी दिली. एक जाणते साहित्यिक म्हणाले, ‘अहिराणीमुळे सगळं विनोदी वाटतं, पुण्या-मुंबईचा वाचक हसेल, ती काढा.’ मावशीला, मुलगी न सांगता घर सोडते, हे अजिबात रुचलं नाही. कॉलेजच्या मैत्रिणीच्या मते प्रेमकथेशिवाय तरुण मुलं असलं काही वाचणार नाहीत. मोबाइलवर कोणीतरी एक तारा देऊन गेलं. ‘बाकी मुलांना आवडतेय,’ असं लिहून त्यांनी आठवीतल्या एका मुलीची चिठ्ठी जोडली आहे: ‘अर्धं पुस्तक एका दुपारी वाचलं. मग दोन दिवस ठेवून दिलं. मग परत घेतलं. शेवटी आजीचं काय झालं?’ दुसरा भाग अर्ध्यावर थांबला आहे. प्रश्न असा: इतकी उलटसुलट मतं, त्यातलं कोणाचं ऐकू? अहिराणी काढून पुण्याच्या प्रकाशकाकडे पाठवू का? की खान्देशात बसून अवकाशावर लिहायला घेतलं हेच चुकलं?

प्रिय मैत्रिणी,

पत्राबरोबर तुझं पुस्तकही आलं. ते आधी पूर्ण वाचलं आणि मगच लिहायला बसले. तू मला ताई म्हटलं आहेस, म्हणून एकेरीतच लिहिते. पुस्तकाचं नाव इथे छापत नाही, कारण असंच पत्र उद्या शहाद्याहून किंवा साक्रीहून दुसऱ्या कोणाचं येऊ शकतं आणि हे उत्तर त्यांनाही उपयोगी पडावं अशी माझी इच्छा आहे.

तू मतं ज्या क्रमाने मांडलीस त्याबद्दल आधी बोलू. सर पहिले, मग साहित्यिक, मग मावशी, मैत्रीण, आणि तो एक तारा. मुलं सगळ्यात शेवटी, तीही एका ओळीत. मुखपृष्ठावर तूच छापलं आहेस, ‘वय वर्षं बारा ते सतरा’. म्हणजे ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांचं मत तू ‘बाकी’मध्ये टाकलंस आणि ज्यांच्यासाठी लिहिलं नव्हतं त्यांच्या मतांनी तुझी झोप उडाली. मोठ्यांचं मत म्हणजे परीक्षण आणि मुलांचं मत म्हणजे नुसतं कौतुक, असं आपण धरून चालतो. तूही तसंच धरलंस. ती चिठ्ठी मात्र कौतुकाची नाही. मला तरी या सगळ्या मतांमध्ये सर्वांत नेमकं मत त्या मुलीचंच वाटलं.

बघ, ती काय सांगते. अर्धं पुस्तक एका दुपारी वाचलं. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या दुपारी, हातात मोबाइल असताना तेरा-चौदा वर्षांची मुलगी एका बैठकीत नव्वद पानं वाचते, याचा अर्थ गोष्ट धरून ठेवते. यानाचं दार बंद होतं तो प्रसंग, पाण्याच्या टाकीतली गळती शोधण्याची रात्र, चौघांचं पहिलं भांडण, हे सगळं मीही न थांबता वाचलं. मग ती म्हणते, ठेवून दिलं. कुठे ठेवलं असेल, म्हणून मी पानं परत चाळली. सदतिसाव्या पानावर तुझी नायिका पहाटे अंगणात बाजेवर झोपलेल्या आजीच्या पायापाशी क्षणभर उभी राहते आणि निघते. साठाव्या पानावर ती आणि आजी पडद्यावर समोरासमोर बोलतात, पानभर. त्यानंतर आजी नाही. आई नाही, गाव नाही, तापी नाही. एकशे चौऱ्याऐंशी पानांच्या पुस्तकात पुढची सव्वाशे पानं ही मुलगी घराची एकदाही आठवण काढत नाही. कप्तान बेशुद्ध पडतात तेव्हाही नाही. तिला स्वतःला मरणाची भीती वाटते तेव्हाही नाही. त्या वाचक मुलीने पुस्तक खाली ठेवलं, कारण तिची सोबत सुटली होती. पुस्तक तिने परत उचललं ते तुझं कौशल्य. पण शेवटपर्यंत ती आजीची वाट बघत होती, हे तिने तुला सरळ विचारून सांगितलं आहे.

आता मावशीचं मत या पानांशेजारी ठेव. तू लिहितेस, ‘मावशी जुन्या विचारांची, तिचं काय मनावर घ्यायचं.’ पण मनावर घेतलंस म्हणूनच पत्रात आलं. मावशीचा उपाय मला मान्य नाही. सगळ्यांची परवानगी घेऊन, औक्षण करून मुलगी यानात बसली तर साहसकथा तिथेच संपली. या वयासाठीच्या गोष्टीत मुलांना मोठ्यांच्या सावलीतून बाहेर काढावंच लागतं. पण मावशीला जे बोचलं ते खरं आहे. आपल्या भागात तालुक्याच्या कॉलेजला एस.टी.ने एकटं जायचं तरी कित्येक मुलींना घरात चार दिवस विषय काढावा लागतो. मुलगी न सांगता गेली तर मागे राहिलेल्या घरावर काय गुदरतं, भावकीत काय बोललं जातं, हे आठवीतल्या मुलीलाही नीट माहीत असतं. तुझ्या नायिकेला मात्र ते माहीत नसल्यासारखं ती वागते. तिने जावं, जरूर जावं. पण जाताना जे मोडलं त्याचं ओझं तिने यानावर न्यायला हवं. मावशीने ते संस्कारांच्या भाषेत सांगितलं आणि चिठ्ठीवालीने प्रश्न विचारून. बोट दोघींनी एकाच जागेवर ठेवलं आहे.

आता सरांची यादी बघ. ती तू जशीच्या तशी पाठवलीस हे फार बरं केलंस. यादीतला चौथा मुद्दा साठाव्या पानाचा आहे: यान मंगळाजवळ पोचलेलं असताना आजी-नात फोनवर बोलावं तसं बोलतात, हे अशक्य. सर बरोबर आहेत. रेडिओ संदेश प्रकाशाच्या वेगानेच जातो. चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, तिथे संदेश सव्वा सेकंदात पोचतो. मंगळाचं तसं नाही. तो पृथ्वीपासून कधी साडेपाच कोटी किलोमीटरवर येतो, तर कधी चाळीस कोटींपर्यंत लांब जातो. त्यामुळे एका बाजूने संदेश जायलाच तीन मिनिटांपासून बावीस मिनिटांपर्यंत वेळ लागतो. आपलं मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत शिरलं तेव्हा हे अंतर बारा मिनिटांहून थोडं अधिक होतं. इंजिन कधी पेटवायचं, किती वेळ चालवायचं, त्याच्या आज्ञा यानावर आधीच चढवून ठेवल्या होत्या, कारण ऐन वेळी बंगळुरूहून काही सांगून उपयोग नव्हता. तिथे जे घडलं त्याची बातमी यायलाच बारा मिनिटं लागणार होती.

तू हा मुद्दा ‘तांत्रिक चूक, दुसऱ्या आवृत्तीत सुधारेन’ असं म्हणून बाजूला ठेवलास. माझ्या मते सरांनी तुझ्या हातात सगळ्या कादंबरीची किल्ली दिली आहे.

तो प्रसंग बारा मिनिटांच्या अंतराने लिहून बघ. आजी अंगणात बाजेवर बसून विचारते, ‘जेवनी का व माय?’ प्रश्न निघाला. तो पोचेपर्यंत आजी गप्प थोडीच बसणार आहे! दोन मिनिटांनी ती रागावते, न सांगता गेलीस म्हणून. आणखी चार मिनिटांनी रडते. मग डोळे पुसून सांगते की लोणच्याची बरणी तुझ्या नावाची तशीच ठेवली आहे. तिकडे नात पहिलाच प्रश्न ऐकते आणि ‘आजी, माझं चुकलं’ असं म्हणते. तिची ही माफी निघते, तेव्हा आजीचा राग, रडणं आणि बरणी हे सगळं वाटेत आहे आणि एकामागून एक तिच्याकडे येतं आहे. आजीने माफ केल्याचं तिला कळतं ते तिची माफी आजीपर्यंत पोचण्याच्या आधी. अशा दोन पानांसाठी तो सगळा प्रवास लिहावा. आणि असे निरोप पुढच्या सव्वाशे पानांत अधूनमधून येत राहिले, उशिरा, भलत्या वेळी, नात टाकीचा पाना फिरवत असताना, तर चिठ्ठीवालीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं, मावशीची बोच शमते आणि सरांचा चौथा मुद्दाही मिटतो. तुला जी मतं उलटसुलट वाटली त्यातली तीन एकाच पानावर येऊन भेटतात.

शिवाय एक मोठा प्रश्न सुटतो. कप्तान आजारी पडल्यावर मुलं पृथ्वीवरच्या डॉक्टरांना विचारून सगळं का करत नाहीत, हे तुझ्या पुस्तकात कुठेच येत नाही. विचारणं आणि उत्तर येणं यांत पंचवीस मिनिटं जाणार असतील तर निर्णय त्या चौघांनाच घ्यावे लागतील. मोठी माणसं ऐकतायत, बघतायत, पण हात पोचत नाही. तुझ्या गोष्टीतली अर्धी भीती तिथेच आहे.

यादीतले बाकीचे मुद्दे भराभर घेते. मंगळावर मुलं आपल्या अंगणात चालावीत तशी चालतात, ते बदल. तिथलं गुरुत्वाकर्षण आपल्या सुमारे ३८ टक्के आहे, इथे ५० किलो भरणारी मुलगी तिथे इथल्या काट्यावर १९ किलो भरेल. धावताना पाऊल लांब पडेल, थांबायला मात्र अंग ऐकणार नाही. स्फोटाचा ‘धडाम’ काढून टाक. बाहेर हवाच नाही तर आवाज कशातून येणार? पण दोघींनी हेल्मेटला हेल्मेट टेकवलं तर एकीचं बोलणं दुसरीला ऐकू येतं, कारण आवाज घन पदार्थातूनही जातो. रेडिओ बंद पडलेला असताना हे फार कामाला येईल. परतीच्या प्रवासाचं म्हणशील तर पृथ्वी-मंगळ प्रवासाला सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांनी येते. दुसऱ्या भागात मुलं ‘पुढच्या आठवड्यात’ परत निघतात. निघू नयेत. एक संधी हुकली तर सोळा वर्षांची मुलगी अठराची होऊन परतेल आणि आजीचं वय तर तुला ठाऊकच आहे.

एका मुद्द्यावर मात्र मी सरांशी सहमत नाही. तुझ्या यानात ज्या यंत्राने गुरुत्वाकर्षण तयार होतं ते विज्ञानाला माहीत नाही, म्हणून काढा, असं ते म्हणतात. ठेव ते. वाचक असली एखादी गोष्ट उदार मनाने मान्य करतो, फक्त तिचे नियम तू पाळले पाहिजेत. सत्तराव्या पानावर ते यंत्र बंद पडतं आणि तरीही पुढच्या परिच्छेदात आचारी वरण वाढतो. हे चालणार नाही. यंत्र बंद म्हणजे वरणाचे गोळे हवेत तरंगायला हवेत.

आता अहिराणीकडे येते, कारण तुझं खरं दुखणं तिथे आहे असं मला पत्राच्या भाषेवरून वाटलं. ‘आमच्या बोलीची मलाच लाज वाटायला लागली,’ हे वाक्य तू लिहून खोडलंस, पण खोडलेलं वाचता येत होतं.

पुण्या-मुंबईचा वाचक हसेल, हे त्या साहित्यिकांनी पुण्या-मुंबईच्या वतीने ठरवून टाकलं आहे. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. ती बोली आपल्या अहिराणीहून वेगळी, असोद्याकडची लेवा गणबोली. आचार्य अत्र्यांसारख्या पुण्या-मुंबई गाजवणाऱ्या माणसाने त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली आणि साऱ्या महाराष्ट्राने ती गाणी डोक्यावर घेतली. बोली कळायला जड जाते म्हणून कोणी ती प्रमाण मराठीत बदलून मागितली नाहीत. तेव्हा बोली आहे म्हणून वाचक हसतो, हे मला पटत नाही.

तरीही, साहित्यिकांना विनोदी वाटलं, ही त्यांची वाचतानाची प्रतिक्रिया खोटी म्हणता येत नाही. ती का झाली हे शोधायला हवं. मी पेन्सिल घेऊन बसले आणि तुझ्या पुस्तकात अहिराणी कुठे कुठे येते त्या जागांवर खुणा केल्या. आचारी बोलतो आणि सगळे हसतात. आजी बोलते आणि नात हसते. नायिका बोलते, पण फक्त आचाऱ्याशी, चेष्टेत. कप्तान आजारी पडल्या क्षणापासून ती अचानक पाठ्यपुस्तकातलं मराठी बोलायला लागते. ‘प्राणवायूचा साठा केवळ सहा तास पुरेल, आपण धीर धरला पाहिजे.’ रात्री दोन वाजता जीव घशाशी आलेला असताना तापीकाठची कोणती मुलगी असं बोलेल? तू नकळत एक वाटणी करून टाकलीस: हसायला अहिराणी, विचार करायला प्रमाण मराठी. साठ पानं वाचल्यावर वाचकाच्या मनात ती वाटणी पक्की होते आणि पुढे अहिराणी दिसली की त्याला हसायचीच सवय लागलेली असते. साहित्यिकांना ते जाणवलं आणि त्यांनी अहिराणीच काढायला सांगितली. मी उलट सांगेन. संकटात तिला अहिराणी बोलू दे. साठा तिने अहिराणीत मोजू दे, चौघांतल्या घाबरलेल्या नंदुरबारच्या पोराला अहिराणीत दटावू दे, कप्तानाच्या कपाळावर हात ठेवून जे काय पुटपुटायचं ते अहिराणीत पुटपुटू दे. आणि आचाऱ्याला दोन-चार ठिकाणी गंभीर होऊ दे. तळटीपा, शब्दांचे अर्थ यांच्या फंदात पडू नकोस. प्रसंग नीट उभा राहिला की अर्थ कळतो. लहान मुलं तर अशीच भाषा शिकतात.

खान्देशात बसून अवकाशावर लिहिलं म्हणून तू अपराध्यासारखी का बोलतेस, हे मला समजेना. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला तू गेलीच असशील. तिथल्या तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या शिलालेखात नोंद आहे की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ काढला. ग्रह कसे फिरतात, ग्रहण कधी लागेल, याचं गणित मांडणारे ते ग्रंथ. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी सातमाळ्याच्या पायथ्याशी मुलं बसून आकाश शिकत होती. तू शिकवण्या घेतेस, तुला हे माझ्याहून जास्त भावायला हवं. आणि मुलांसाठी लिहायचं म्हणशील तर साने गुरुजी अमळनेरला वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. त्यांचे वाचक त्याच इमारतीत झोपलेले असत. तुझेही वाचक रोज संध्याकाळी तुझ्या ओसरीवर येतात. अशी सोय पुण्यातल्या किती लेखकांना आहे?

मैत्रिणीच्या प्रेमकथेबद्दल फार लिहीत नाही. चौघांत तशी ओढ तुला लिहिताना जाणवली असेल तर येईल, नसेल तर घालू नकोस. एका ताऱ्यातून काहीच कळत नाही, कारण त्याच्याबरोबर एक शब्दही नाही. तो विसर.

आता पुढे काय करायचं ते बोलू, आणि इथे तुझ्यासारख्या बाकीच्यांनीही लक्ष द्यावं. ओळखीच्या वाचकाला ‘कसं वाटलं?’ असं विचारू नये. आपल्याकडे समोरच्याचं मन राखायची रीत आहे. मुलगा ‘भारी’ म्हणतो, मोठा माणूस ‘प्रयत्न चांगला’ म्हणतो आणि हाती काही लागत नाही. त्यापेक्षा विचारावं: पुस्तक कुठे खाली ठेवलंस? कोणतं पान परत वाचलंस? मित्राला गोष्ट सांगताना काय सांगितलंस, काय गाळलंस? चौघांतलं कोण तुझ्या वर्गात असावं असं वाटलं? उत्तरं मुलांना हवी त्या भाषेत लिहू दे, अहिराणीत, पावरीत, भिलोरीत. आणि एकमेकांशी बोलण्याच्या आधी लिहू दे. वर्गातला एक धीट मुलगा ‘बोअर’ म्हणाला की बाकीच्या पंधरा जणांचं मत तिथेच बदलतं, हे तू रोज बघतेस.

शक्य असेल तर दुसऱ्या भागाची काही प्रकरणं तुझं नाव न घालता, तुला न ओळखणाऱ्या मुलांना वाचायला दे. धुळ्याला किंवा शिरपूरला तुझ्या ओळखीचं कोणी शिक्षक असेलच, त्यांच्या हाती पाठव. नाव बघून वाचलं की मत बदलतं. मोठ्या नावाचंही बदलतं. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती त्यांनी पत्नीच्या हस्ताक्षरात लिहून घेतली. परीक्षकांनी कथा बघावी, ती लिहिणारा खगोलशास्त्रज्ञ बघू नये, एवढाच हेतू. त्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. तुझी अडचण वेगळी, तुझं नाव मोठं नाही, पण ‘अमक्यांची मुलगी’ हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मावशी, साहित्यिक, सर, कोणीही तुझं पुस्तक निव्वळ पुस्तक म्हणून वाचू शकलेलं नाही. त्यांचा दोष नाही त्यात.

दुसरा भाग शेवटापर्यंत लिहून होईपर्यंत आणखी मतं मागू नकोस. अर्ध्या लिखाणावर मत मागितलं की लोक उरलेला अर्धा भाग आपल्या मनासारखा लिहून मागतात. मतांसाठी एक वेगळी वही कर, प्रत्येक मतासमोर पान क्रमांक लिही. ज्या मताला पान क्रमांक सापडत नाही ते बाजूला राहू दे. एकाच पानावर दोन-तीन मतं जमली की ते पान उघड. कोणाचा मान मोठा, कोण वयाने मोठं, याचा तिथे संबंध नाही. त्या आठवीतल्या मुलीला तू उत्तर दिलंस का, ते पत्रात नाही. दिलं नसेल तर लगेच दे, आणि आजीचं काय झालं हे तुला स्वतःला माहीत नसेल तर तसंही लिही. तिला काय वाटतं ते विचार.

जे वाचक मतं देतात त्यांच्यासाठीही थोडं लिहिते, कारण हे सदर तेही वाचतात. घरातल्या, गावातल्या कोणी मुलांसाठी लिहिलं असेल तर ‘हे काढा, ते घाला’ याच्या आधी आपल्याला कुठे अडखळायला झालं ते सांगा. आपण त्या वयाचे नाही हेही लक्षात असू द्या. पुस्तक घरातल्या तेरा वर्षांच्या मुलीच्या हाती द्या आणि ती काय म्हणते ते लेखकापर्यंत पोचवा. तिच्या शब्दांत, दुरुस्त न करता.

पुण्याच्या प्रकाशकाकडे जरूर पाठव. अहिराणी न काढता पाठव. सोबतच्या पत्रात सरळ लिही की नायिका अहिराणी बोलते आणि ते तसंच राहील, बाकी संपादनाला तयारी आहे. ज्यांना नको असेल ते आधीच नाही म्हणतील आणि तुझे सहा महिने वाचतील. पहिला भाग सुधारून आणि दुसरा पूर्ण करून, दोन्ही एकत्र पाठवता आले तर अधिक बरं.

आप्पांच्या, म्हणजे तुझ्या वडिलांच्या, पैशाची तुला टोचणी लागली आहे, ते समजतं. घरी उरलेल्या प्रती पडून ठेवू नकोस. सरांच्या यादीतले ठळक मुद्दे अर्ध्या पानाच्या शुद्धिपत्रात छापून घे, प्रत्येक प्रतीत एक घाल, खाली सरांचे आभार मान, पण छापण्याआधी त्यांना दाखव. मग तालुक्यातल्या शाळांच्या ग्रंथपालांना प्रत्यक्ष जाऊन भेट. नुसत्या प्रती देऊन येऊ नकोस. एखादा तास मागून घे आणि गुरुत्वाकर्षण बंद पडलेल्या यानात वरण कसं वाढायचं, हे सातवी-आठवीच्या मुलांना विचार. त्यांची उत्तरं वहीत लिहून आण. दुसऱ्या भागाला लागतील.